आठ रुपयांचा हिशेब: गोपाळ कृष्ण गोखले सरकारचं अंदाजपत्रक कसं वाचत

पुण्यात एफसी रोडचं अधिकृत नाव नामदार गोपाळ कृष्ण गोखले रस्ता आहे. गोखल्यांचं नाव निघालं की बहुतेकांना रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यास करणारा मुलगा आठवतो. पुढे त्या मुलाने नेमकं काय केलं असं विचारलं, तर ‘नेमस्त पुढारी’ आणि ‘गांधीजींचे राजकीय गुरू’ यापुढे गाडी सरकत नाही. त्यांचं खरं काम आकड्यांचं होतं. ते समजून घ्यायला थोडा हिशेब करावा लागतो, म्हणून ते मागे पडलं. इथे तो हिशेब पायरी पायरीने मांडला आहे. पाढे येत असतील तर तो समजतो.

सुरुवात दिव्याऐवजी आठ या आकड्यापासून करू. गोखल्यांचा जन्म 9 मे 1866 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातल्या कोतळूकला झाला. वडील कागलला नोकरीला होते. 1879 मध्ये ते वारले, तेव्हा गोपाळ तेरा वर्षांचा होता. थोरल्या भावाने, गोविंदरावांनी, शिक्षण सोडून महिना पंधरा रुपयांची नोकरी धरली आणि त्यातले आठ रुपये ते कोल्हापूरला शिकणाऱ्या धाकट्याला पाठवू लागले. उरलेल्या सात रुपयांत घर चालायचं. म्हणजे मिळकतीतला अर्ध्याहून जास्त वाटा एकट्या गोपाळच्या शिक्षणावर जात होता आणि ते त्याला ठाऊक होतं. अशा पैशावर शिकणारा मुलगा पै न् पैचा हिशेब ठेवायला आपोआप शिकतो. पुढे कॉलेजच्या खर्चाचा प्रश्न आला तेव्हा वहिनी दागिने मोडायला तयार झाल्या होत्या.

मॅट्रिक 1881 ला आणि मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून बी.ए. 1884 ला, वयाच्या अठराव्या वर्षी. सरकारी नोकरी किंवा वकिली केली असती तर घर लगेच वर आलं असतं. त्यांनी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये महिना पस्तीस रुपयांवर मास्तरकी घेतली. त्यानंतर ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य झाले. वीस वर्षं शिकवायचं आणि पगार महिना पंचाहत्तर, अशी ती बांधिलकी होती. फर्ग्युसनमध्ये ते इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र असं जे लागेल ते शिकवत. शाळेसाठी त्यांनी लिहिलेलं अंकगणिताचं पुस्तक पुढे कित्येक वर्षं चाललं. त्यांच्या सगळ्या कामात या पुस्तकाला मी वरची जागा देतो. त्रैराशिक शंभर मुलांना शंभर तऱ्हांनी समजावलेला माणूसच पुढे व्हाइसरॉयसमोर उभा राहून चलनाचं गणित सोडवू शकला.

दुसरी शाळा न्यायमूर्ती रानड्यांची. 1887 पासून रानडे वारेपर्यंत, म्हणजे जानेवारी 1901 पर्यंत, गोखले त्यांच्या हाताखाली तयार झाले. रीत अशी: सरकारी अहवाल आणायचे, त्यांतले तक्ते उतरवायचे, जुन्या वर्षांशी ताडायचे आणि मग सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी किंवा सरकारकडे पाठवायच्या अर्जासाठी मसुदा करायचा. मसुदा रानड्यांच्या पसंतीला उतरेपर्यंत पुन्हा लिहायचा. हे अर्ज सरकारात कोणी वाचत नाही, मग एवढी मेहनत कशाला, असं गोखल्यांनी एकदा विचारलं. अर्जावर नाव सरकारचं असलं तरी तो खरा आपल्या लोकांसाठी असतो, या विषयांवर विचार कसा करायचा ते लोकांना कळायला हवं, अशा अर्थाचं उत्तर रानड्यांनी दिलं.

1897 मध्ये हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले विलायतेला गेले. तेव्हा वयाची एकतिशीही पूर्ण झाली नव्हती. साक्षीच्या तयारीत रानड्यांइतकाच हात गणेश व्यंकटेश जोशींचा होता. जोशी सोलापूरला शाळेत शिक्षक होते आणि सरकारी आकडेवारी त्यांना मुखोद्गत असे. पुढे अंदाजपत्रकावरच्या भाषणांनाही आकड्यांची रसद त्यांच्याकडून यायची. भाषण एकट्याचं दिसलं तरी पाठीमागे अशी माणसं उभी असतात, हे पुढाऱ्यांच्या चरित्रांत फार क्वचित सांगितलं जातं.

याच दौऱ्यात एक मोठी चूक झाली. पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालला होता आणि सोजिरांच्या घरझडत्यांनी शहर संतापलं होतं. पुण्याहून आलेल्या पत्रांच्या भरवशावर गोखल्यांनी विलायतेतल्या वर्तमानपत्राला सोजिरांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं सांगितलं. परतल्यावर पुरावा मागितला गेला. पत्रं लिहिणाऱ्यांची नावं सांगितली तर ती माणसं अडचणीत आली असती, आणि नावांशिवाय आरोप उभा राहत नव्हता. गोखल्यांनी बिनशर्त माफी मागितली. पुण्यात त्यांची छी-थू झाली आणि ती बरीच वर्षं पुरली. इथे बिघडलं ते एवढंच: ऐकीव माहिती खरी असली तरी भर सभेत मांडायला ती पुरत नाही. त्यानंतरची त्यांची भाषणं पाहा. जवळजवळ प्रत्येक विधान सरकारच्याच छापील कागदावर उभं आहे. ज्याच्यावर टीका करायची त्याचेच आकडे वापरले, की तो ते नाकारू शकत नाही.

आता 26 मार्च 1902. ठिकाण कलकत्ता, व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन. इम्पीरियल कौन्सिलमध्ये, म्हणजे व्हाइसरॉयच्या मध्यवर्ती कायदेमंडळात, गोखल्यांचं अंदाजपत्रकावरचं हे पहिलं भाषण. त्या काळी अंदाजपत्रकावर मतदान नसे. 1892 च्या कायद्याने सभासदांना चर्चा करायची मुभा दिली होती, पण एक आकडासुद्धा बदलायचा अधिकार दिला नव्हता. अर्थसभासद निवेदन मांडायचे, थोडे दिवस जायचे, मग सभासद एकामागून एक बोलायचे आणि विषय संपायचा. त्या वर्षी तिजोरीत घसघशीत शिल्लक दिसत होती. तशी ती ओळीने काही वर्षं दिसत आली होती. बाकीचे अभिनंदन करत होते. मला प्रामाणिकपणे या अभिनंदनात सामील होता येत नाही, असं म्हणत गोखल्यांनी सुरुवात केली.

का, हे समजायला हुंडणावळीचं, म्हणजे रुपया आणि पौंडाच्या विनिमय दराचं, गणित लागतं. सरकार कर रुपयांत गोळा करायचं. पण कर्जावरचं व्याज, रेल्वे कंपन्यांना द्यायची रक्कम, निवृत्त गोऱ्या अधिकाऱ्यांची पेन्शनं, लंडनमधल्या इंडिया ऑफिसचा खर्च, लष्करी सामान हे सगळं लंडनला पौंडांत चुकवावं लागे. या खर्चाला ‘होम चार्जेस’ म्हणत. पौंड सोन्याचा, रुपया चांदीचा. 1873 नंतर जगभर चांदी उतरत गेली आणि तिच्याबरोबर रुपयाही उतरला.

एका पौंडाचे 240 पेन्स. रुपया 24 पेन्सचा होता तेव्हा एका पौंडाला 10 रुपये पडायचे. 1894-95 च्या सुमारास तो साधारण 13 पेन्सवर आला. 240 भागिले 13 म्हणजे एका पौंडाला 18 रुपये 7 आणे (रुपयाचे आणे 16, आण्याच्या पै 12). लंडनला एक कोटी पौंड पाठवायचे असतील तर पूर्वी दहा कोटी रुपये पुरायचे, आता साडेअठरा कोटींच्या जवळपास लागू लागले. माल तोच, देणंही तेच. हा खड्डा भरायला कर वाढवले गेले. 1886 ला प्राप्तिकर आला. 1888 ला मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच रुपये झाला. 1894 ला आयात जकात परत आली. प्राप्तिकराला ब्रह्मदेशाची लढाई आणि सरहद्दीवरचा लष्करी खर्च अशी आणखीही कारणं होती, पण हुंडणावळीचा तोटा हे कारण सरकार स्वतःच पुन्हा पुन्हा सांगत आलं होतं.

मग 1893 ला सरकारने टांकसाळी खाजगी चांदीला बंद केल्या, म्हणजे कोणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घ्यायची सोय थांबवली. बाजारात नवे रुपये यायचे थांबले, रुपया दुर्मिळ झाला आणि त्याचा भाव चढत चढत 16 पेन्सवर स्थिरावला. 240 भागिले 16 म्हणजे पौंडाला 15 रुपये. एक कोटी पौंडांमागे जवळपास साडेतीन कोटी रुपये वाचू लागले. प्रत्यक्ष होम चार्जेस दरसाल एक कोटी पौंडांहून बरेच जास्त होते, म्हणजे बचत त्या मानाने आणखी मोठी.

गोखल्यांनी बोट ठेवलं ते इथे. ज्या खड्ड्यासाठी कर वाढवले तो खड्डा बुजला, पण वाढवलेले कर तसेच राहिले. शिल्लक दिसते ती त्यातून. तिच्यावरून देश सुखी झाला असा अर्थ काढता येत नाही. ती वर्षं कोणती होती तेही पाहायला हवं. 1896-97 चा दुष्काळ, 1899-1900 चा त्याहून मोठा दुष्काळ, वर प्लेग. रयत उपाशी असताना तिजोरीत शिल्लक पडते, हे त्यांच्या मते दुहेरी चुकीचं होतं. एक तर अशा दिवसांत गरजेपेक्षा जास्त कर वसूल होतो हीच चूक. शिवाय त्या शिलकीकडे बोट दाखवून लोकांची स्थिती सुधारली असं सांगता येतं, ही दुसरी.

चढलेल्या रुपयाचा आणखी एक घाव होता, आणि तो तिजोरीच्या कागदावर दिसत नव्हता. रुपयाचं नाणं एक तोळा वजनाचं. टांकसाळी खुल्या होत्या तोवर नाण्यातल्या चांदीचा भाव आणि नाण्याची किंमत सारखीच राहायची. शेतकरणीच्या पायातले तोडे म्हणजे वजनाइतके रुपयेच, घडणावळ सोडून. टांकसाळी बंद झाल्यावर नाणं वर राहिलं आणि चांदी खाली गेली. 1900 च्या आसपास रुपयाभर वजनाच्या चांदीला दहा आण्यांच्या आसपासच भाव यायचा. दुष्काळात बाई तोडे घेऊन सराफाकडे गेली, सराफाने तराजूत वजन तेवढंच दाखवलं आणि हातावर रुपयामागे सहा आणे कमी ठेवले. तिच्या अंगावरची बचत कायद्याने घटली होती आणि सारा मात्र पूर्ण रुपयांतच भरायचा होता.

मिठाचा हिशेब तर तोंडी करता येतो. मणाला 2 रुपये 8 आणे कर, म्हणजे 40 आणे. मणाचे शेर 40. म्हणून शेराला बरोब्बर एक आणा कर. शेर म्हणजे साधारण 930 ग्रॅम. पाच माणसांच्या घरात वर्षाला तीस शेर मीठ लागतं असं धरलं तर तीस आणे, जवळपास दोन रुपये, फक्त करात गेले. मजुरी दिवसाला तीन आणे धरली तर ती दहा दिवसांची मजुरी. सरकारी वकिलालाही मीठ तेवढंच लागतं आणि तोही तेवढेच तीस आणे भरतो. मिठाचा कर गरिबावर जड पडतो असं नुसतं म्हटलं तर ते घोषणेसारखं वाटतं. शेर आणि आण्याने मोजलं की ते नाकारता येत नाही.

मतदान नव्हतं, तरी परिणाम झाला. 1903 ला मिठाचा कर मणाला 2 रुपये झाला, 1905 ला दीड रुपया आणि 1907 ला एक रुपया. शेराला बारा पै होते ते पाच पैंच्याही खाली आले. 1903 लाच प्राप्तिकर लागू होण्याची मर्यादा वार्षिक 500 रुपयांवरून 1000 वर गेली. हे एकट्या गोखल्यांनी केलं असं म्हणणं खरं नाही. शिल्लक होतीच, इतर सभासद आणि वर्तमानपत्रंही बोलत होती. पण कर कमी करू नये म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार ‘परवडत नाही’ हा होता. तो त्यांच्याच आकड्यांनी निघून गेला. कर उतरल्यावर मिठाचा खप वाढला, आणि ते आकडेही गोखल्यांनी पुढच्या भाषणांत कौन्सिलपुढे ठेवले.

या भाषणांतून दिसणारी त्यांची रीत आजही जशीच्या तशी वापरता येते. एका वर्षाचा आकडा ते कधी एकटा घेत नसत. किमान दहा-पंधरा वर्षांची ओळ लावत आणि ओळीत कुठे खिंडार पडलं ते शोधत. वाढ दिसली की त्यातली कायमची किती आणि योगायोगाची किती हे वेगळं करत. चांगला पाऊस, अफूचा चढा भाव, हुंडणावळीतली तेजी ही योगायोगाची कमाई. अंदाज आणि प्रत्यक्ष जमा शेजारी ठेवत. दरवर्षी उत्पन्नाचा अंदाज कमी आणि खर्चाचा जास्त निघत असेल तर तो अंदाज चुकलेला नाही, ती सवय आहे, आणि शिल्लक त्या सवयीतून येते. शेवटी, वाढलेला पैसा कुठे मुरला ते पाहत. त्या काळी उत्तर बहुतेक वेळा लष्कर हे असायचं.

हीच रीत घेऊन ते 1911 मध्ये प्राथमिक शिक्षणाच्या विधेयकापर्यंत आले. त्याची रचना नीट पाहिली तर आठ रुपयांवर शिकलेला माणूस ओळखू येतो. एकदम देशभर सक्ती करायची नव्हती. ज्या भागात मुलं आधीच ठरावीक प्रमाणात शाळेत जातात तिथेच नगरपालिकेला किंवा लोकल बोर्डाला, सरकारच्या परवानगीने, सक्ती लावता येईल. आधी फक्त मुलगे, वय सहा ते दहा. खर्चाचा एक वाटा स्थानिक संस्थेचा, दोन वाटे सरकारचे. ज्या पालकाची मिळकत महिना दहा रुपयांहून कमी आहे त्याच्याकडून फी घ्यायची नाही. गोविंदरावांचे पंधरा रुपये आठवा, म्हणजे दहा रुपयांची रेघ किती खालच्या थरातल्या घरासाठी होती ते कळतं. मुलींना पहिल्या टप्प्यात वगळलं, ही मला या विधेयकातली मोठी उणीव वाटते. विरोध कमी व्हावा म्हणून ते केलं होतं, आणि विरोध तरीही झालाच.

मार्च 1912 मध्ये विधेयक 13 विरुद्ध 38 मतांनी पडलं. प्रांतिक सरकारं खर्चाला घाबरली आणि मोठ्या जमीनदारांना शिकलेला मजूर नको होता. तोपर्यंत 1909 च्या सुधारणांनी कौन्सिलमध्ये ठराव आणि मतदान आलं होतं, पण मध्यवर्ती कौन्सिलात बहुमत सरकारी सभासदांचंच ठेवलं होतं. त्यामुळे सरकारने विरोध ठरवला की निकालही ठरलेला असायचा. सहा वर्षांनी, 1918 मध्ये, विठ्ठलभाई पटेलांच्या प्रयत्नाने मुंबई इलाख्यात नगरपालिकांपुरता असाच कायदा झाला. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी देशभराचा शिक्षण हक्क कायदा 1 एप्रिल 2010 पासून लागू झाला.

मधल्या काळात, 12 जून 1905 रोजी, फर्ग्युसनमागच्या टेकडीवर भारत सेवक समाजाची, म्हणजे सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटीची, स्थापना झाली. गोखल्यांबरोबर नटेश अप्पाजी द्रविड, गोपाळ कृष्ण देवधर आणि अनंत विनायक पटवर्धन यांनी शपथ घेतली. शपथा सात होत्या. स्वतःसाठी पैसा मिळवण्याच्या मागे लागणार नाही, कोणाशी वैयक्तिक भांडण करणार नाही, संस्था देईल त्यात भागवेन, अशी त्यातली काही कलमं. सभासदाला पाच वर्षं उमेदवारी करावी लागे आणि त्यात अभ्यासाला फार मोठी जागा होती. राजकारणात उतरायच्या आधी पाच वर्षं वाचायचं, ही अट पुण्यातल्याही अनेकांना तेव्हा अती वाटली होती. मला ती रास्त वाटते, कारण गोखल्यांनी स्वतः रानड्यांपाशी त्याच्या जवळजवळ तिप्पट वर्षं घालवली होती. 1905 लाच ते बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष झाले आणि 19 फेब्रुवारी 1915 ला, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, पुण्यात वारले. मधुमेह होता, हृदय थकलं होतं. आयुष्यभर ज्यांच्याशी वाद झाला त्या टिळकांनी अंत्यसंस्काराच्या वेळी त्यांना हिंदुस्थानचा हिरा म्हटलं. बीएमसीसी रस्त्यावरची गोखले अर्थशास्त्र संस्था 1930 ची, त्यांच्या मागे भारत सेवक समाजाने उभी केलेली.

गोखल्यांची रीत स्वतः करून पाहायची असेल तर पुणे महापालिकेचं अंदाजपत्रक घ्या. त्यात प्रत्येक शीर्षापुढे मागच्या वर्षाचा प्रत्यक्ष आकडा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज मिळतो. वर्तमानपत्रात मथळा होतो तो तिसऱ्या आकड्याचा. तुम्ही पहिल्यापासून सुरू करा. पाच वर्षांची पुस्तकं गोळा करून मिळकतकर, बांधकाम परवानगी आणि जीएसटीचं अनुदान या तीनच ओळी वहीत उतरवा, अंदाज डाव्या बाजूला आणि प्रत्यक्ष जमा उजव्या बाजूला. जमा दरवर्षी अंदाजाच्या खाली राहत असेल तर त्या फुगवलेल्या अंदाजावर मंजूर झालेली काही कामं पैशाअभावी होणारच नव्हती. बांधकाम परवानगीचं शुल्क बाजाराच्या तेजीवर चढतं-उतरतं, म्हणून ते योगायोगाच्या कमाईत धरा, मिळकतकरात मिसळू नका. मग खर्चाकडे या. एका कामासाठी ठेवलेला निधी वर्षाच्या मधेच दुसऱ्या कामाकडे वळवला जातो, त्याला पालिकेत वर्गीकरण म्हणतात. ते ठराव तारखेनुसार लावा आणि प्रत्येकापुढे दोन रकाने आखा: पैसा कुठून उचलला, कुठे नेला. फेब्रुवारी-मार्चचे ठराव आधी पाहा, कारण वर्ष संपताना न वापरलेला निधी हलवायची घाई तेव्हाच असते.